वाचकांचे प्रश्न : तुर्कस्तानातली माणसे मूळची कुठली?

मागील अंकात इस्तंबूलविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर खानदेशातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रलेखकांना तिथल्या मशिदींपेक्षा आणि बाजारांपेक्षा तिथल्या माणसांच्या कुळामुळाविषयी अधिक कुतूहल वाटलेले दिसते. ती पत्रे एकत्र घेऊन या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. जागेअभावी प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या घरी हिंदीत रूपांतरित केलेल्या तुर्की मालिका रोज पाहिल्या जातात. एकाच मालिकेतला एक भाऊ निळ्या डोळ्यांचा, तर दुसरा आपल्याकडच्या माणसासारखा सावळा असतो. तुर्क मध्य आशियातून आले असे आम्ही शाळेत शिकलो. मग त्यांचे चेहरे मंगोल वळणाचे का नाहीत? (भुसावळ)

उत्तर : मालिकेतले भाऊ प्रत्यक्षात भाऊ नसतात, हे सोडून दिले तरी आपले निरीक्षण बरोबर आहे. शाळेत शिकलेली गोष्टही खोटी नाही. ती अर्धी आहे, एवढेच.

ओघुझ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुर्की टोळ्या मध्य आशियातून खाली उतरल्या, त्यांतील सेल्जुक घराण्याने १०४० साली दंदानकान येथे गझनवी सैन्याचा पराभव करून खुरासान आणि इराण ताब्यात घेतले, आणि १०७१ साली मांझिकर्टच्या लढाईत सुलतान अल्प अर्सलानने बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्याचा सम्राट चौथा रोमानोस याला कैद केले. त्यानंतर अनातोलियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागाचे, दार उघडले. मात्र हे दार उघडले तेव्हा आत रिकामे घर नव्हते. हित्ती, फ्रिजियन, लिडियन अशा कितीतरी प्राचीन लोकांची वंशावळ ज्यांच्या रक्तात जिरलेली होती, असे ग्रीकभाषक, आर्मेनियन, कुर्द आणि असिरियन शेतकरी, कारागीर व मेंढपाळ तिथे शतकानुशतके राहत होते. इसवी सनापूर्वी २७८ च्या सुमारास युरोपातून आलेल्या केल्ट टोळ्याही आजच्या अंकाराच्या परिसरात स्थायिक होऊन त्यांच्यातच मिसळून गेल्या होत्या. शिवाय जे तुर्क आले, तेही वाटेत इराणी प्रदेशांत राहून, तिथल्या बायका करून, बऱ्याच अंशी मिश्र होऊनच आले होते.

या सर्वांचा हिशेब आता जनुकशास्त्राने मांडला आहे. ३,३६२ तुर्की व्यक्तींच्या जनुकीय माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात तुर्की लोकांचे जवळचे नाते बाल्कन, कॉकेशस (काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधला डोंगराळ प्रदेश), मध्यपूर्व आणि युरोप अशा चारही बाजूंशी दिसून आले. मध्य आशियातून आलेला वाटा वेगवेगळ्या अभ्यासांत साधारणपणे एक दशांशापासून एक पंचमांशापर्यंत सापडतो. हा वाटा थोडा आहे, पण तो नगण्य नाही, आणि तो देशभर पसरलेला आहे. एखाद्या तुर्की आजोबांचे गालफड आणि डोळ्यांची ठेवण पाहून कझाकस्तानची आठवण होते, ती उगाच नव्हे. परंतु त्यांच्याच नातवाला कुणी सर्बियन समजले, तर त्यातही नवल नाही.

प्रश्न : बाहेरून आलेले थोडे आणि मूळचे पुष्कळ, असे असेल तर भाषा आणि धर्म थोड्यांचा कसा काय टिकला? आमच्या यावल-रावेर भागात तडवी समाज मुस्लिम असूनही मूळचा इथलाच आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तिकडेही तसेच घडले का? (यावल)

उत्तर : आपण दिलेले उदाहरण अगदी योग्य आहे. धर्म बदलला म्हणजे माणूस दुसरीकडून आला असे होत नाही, हे आपल्या भागातील वाचकाला सांगावे लागत नाही. तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत गणले जातात, ते यामुळेच. तुर्कस्तानात मात्र धर्माबरोबर भाषाही बदलली, म्हणून तिथे मूळ दिसेनासे झाले.

हे एका पिढीत झाले नाही. मांझिकर्टपासून कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) पडेपर्यंत, म्हणजे १०७१ ते १४५३, जवळजवळ चार शतके लागली. अनातोलियाचे मधले पठार उंच आणि कोरडे आहे. तिथे मेंढ्या आणि घोडे घेऊन आलेल्या टोळ्यांना जे कुरण हवे होते, ते शेतकऱ्याचे रान होते. सत्ता डळमळली तसे शेतकरी गाव सोडून गेले, किंवा संरक्षणासाठी नव्या धन्याच्या आश्रयाला गेले. १२४३ साली कोसे दागच्या लढाईत मंगोलांनी सेल्जुकांना हरवल्यानंतर पूर्वेकडून तुर्कमान टोळ्यांचा आणखी एक लोंढा पश्चिमेकडे ढकलला गेला. बायझंटाइन चर्चचे बिशप आपल्या गाद्या सोडून निघून गेले, चर्चच्या जमिनी गेल्या, आणि अनाथ-गरिबांना अन्न देणारी जी जागा रिकामी झाली ती सूफी खानकाहांनी भरली. कोन्या शहरात सूफी कवी मौलाना रूमींच्या भोवती ग्रीक आणि आर्मेनियन माणसेही गोळा होत असत. धर्मांतर केले की जिझिया चुकत असे, सरकारी नोकरीचा मार्ग खुला होत असे, आणि मुलीला सोयरीक मिळत असे. जबरदस्ती झालीच नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण एवढा मोठा बदल केवळ तलवारीने घडला असे मानणेही तितकेच भाबडे आहे.

वरच्या थरात तर सरमिसळ उघड होती. सेल्जुकांनंतर सत्तेवर आलेल्या उस्मानी, म्हणजे ऑटोमन, घराण्यातील दुसरा सुलतान ओरहान याने १३४६ साली बायझंटाइन सम्राट सहावा योहान कांताकुझेनोस याची मुलगी थिओडोरा हिच्याशी विवाह केला. पुढे बाल्कन प्रदेशातील ख्रिस्ती घरांतून मुले गोळा करून त्यांना मुसलमान करण्याची, सैनिकी व प्रशासकीय शिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. साम्राज्याचा वजीर झालेला सोकुल्लू मेहमेद पाशा हा बोस्नियातील सर्ब घरातून असाच उचललेला मुलगा होता. सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम ही आजच्या युक्रेनच्या भागातून गुलाम म्हणून आली होती. राजघराण्यात पित्याकडून तुर्की वंश मोजला जाई आणि आईचा वंश कोणीच मोजत नसे; दहा-बारा पिढ्यांनंतर त्या घराण्यात ‘शुद्ध’ काय उरले असेल, याचे गणित वाचकांनी स्वतः करावे.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात ज्या कंपनीत काम करतो, तिथे एक तुर्की सहकारी आहे. तो म्हणतो, ‘वडिलांचे घर सिवासचे आणि आईचे घर क्रीटचे. आईची आजी मरेपर्यंत ग्रीकच बोलत असे, तिला तुर्की धड येत नव्हते.’ क्रीट तर ग्रीसमधले बेट आहे. मग ती बाई तुर्क कशी? (अमळनेर)

उत्तर : तुर्की वंशाच्या चर्चेत सर्वांत अधिक शिकवण्यासारखा भाग हाच आहे, म्हणून या उत्तराला जास्त जागा देत आहोत.

पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात जे युद्ध झाले, त्याच्या शेवटी ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे एक करार झाला. त्यानुसार तुर्कस्तानातील सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले, अथवा आधीच पळून गेलेल्यांना तिथेच राहावे लागले, आणि ग्रीसमधील सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कस्तानात आणले गेले. माणसाची वाटणी त्याच्या धर्मावरून झाली. त्याच्या भाषेची चौकशी कुणी केली नाही. इस्तंबूलमधले ग्रीक आणि ग्रीसच्या पश्चिम थ्रेसमधले मुसलमान यांना तेवढी सूट होती.

परिणाम विचित्र झाला. क्रीटमधले मुसलमान बहुतांशी मूळचे क्रीटचेच, पूर्वी कधीतरी मुस्लिम झालेले आणि घरात ग्रीक बोलणारे होते. ते ‘तुर्क’ ठरून जहाजात बसले आणि आयवालिक, जुंदा, मर्सिन, बोदरुम अशा किनाऱ्यावरच्या गावांत उतरले. इकडे अनातोलियाच्या मध्यभागी, नेवशेहिर आणि नीदे या भागांत, करामानली म्हणून ओळखले जाणारे ख्रिस्ती होते. ते घरात तुर्की बोलत, तुर्कीच लिहीत, फक्त अक्षरे ग्रीक वापरीत. ते ‘ग्रीक’ ठरून ज्या देशात गेले, त्या देशाची भाषा त्यांतील अनेकांना येत नव्हती. गेल्वेरी गावच्या लोकांनी ग्रीसमध्ये कावाला शहराजवळ नेआ कारवाली हे नवे गाव वसवले. ग्रीसमध्ये त्यांना ‘तुर्काचे बीज’ म्हणून हिणवले गेले, आणि त्याच वेळी तुर्कस्तानात उतरलेल्यांना ‘अर्धा काफिर’ असे टोमणे ऐकावे लागले. दोन्ही किनाऱ्यांवर शिवीचा अर्थ एकच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आयवालिक हे गाव १९२२ पर्यंत जवळपास संपूर्ण ग्रीक होते. तिथे क्रीट, लेस्बोस आणि मॅसिडोनियातून आलेली मुस्लिम कुटुंबे ज्या दगडी घरांत राहू लागली, त्यांतील काहींच्या दारावर आजही ग्रीक अक्षरांतील आद्याक्षरे आणि वर्ष कोरलेले दिसते. सेंट जॉनचे चर्च घड्याळाची मशीद झाले. क्रीटहून आलेल्या बायका माळावरच्या रानभाज्या खुडून, उकडून, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून खात. शेजारच्या तुर्क बायका ती पाने गुरांचा चारा समजत. आता त्याच भाज्यांसाठी इस्तंबूलचे पाहुणे आयवालिकच्या खानावळींत रांगा लावतात. दुसरीकडे फेथिये गावाजवळचे कायाकोय मात्र ओसच राहिले. तिथली शेकडो दगडी घरे छपरांविना अजून उभी आहेत, कारण डोंगरउतारावरची ती वस्ती मॅसिडोनियाच्या सपाट शेतीतून आलेल्यांना मानवली नाही.

तेव्हा आपल्या मुलाच्या सहकाऱ्याची पणजी ग्रीक बोलणारी आणि तरीही कागदोपत्री तुर्क होती, यात कसलीही विसंगती नाही. त्याच्या वडिलांचे सिवासही एकजिनसी नाही. तिथे तुर्कमान, कुर्द, अलेवी (शिया वळणाच्या पंथाचे), आर्मेनियन मुळाचे आणि कॉकेशसमधून आलेले अशी सर्वच घरे सापडतात.

ही १९२३ ची एकच लाट नव्हती, हेही सांगितले पाहिजे. रशियाने कॉकेशस जिंकून घेतल्यावर १८६४ च्या आसपास लाखो सर्केशियन आणि अबखाझ लोक काळा समुद्र ओलांडून सॅमसन आणि त्राब्झोन बंदरांत उतरले. त्यांतले कितीतरी वाटेतच रोगराईने मेले. आजही २१ मे हा दिवस त्यांचे वंशज शोकदिन म्हणून पाळतात. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर बल्गेरिया, बोस्निया, अल्बेनिया, मॅसिडोनिया येथून मुसलमान निर्वासितांचे तांडे आले. १९८९ साली बल्गेरियाने तुर्कांची नावे सक्तीने बदलण्याच्या मोहिमेचा शेवट त्यांना सीमेपार घालवण्यात केला, तेव्हा काही महिन्यांत तीन लाखांहून अधिक माणसे आली. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क स्वतः आज ग्रीसमध्ये असलेल्या सालोनिका शहरात जन्मले होते. कवी नाझिम हिकमत यांचे एक पणजोबा पोलंडमधून पळून आलेले कोन्स्तांती बोझेंत्स्की. मुसलमान होऊन ते मुस्तफा जेलालेद्दीन पाशा झाले आणि १८६९ साली त्यांनी तुर्क हे मूळचे युरोपीयच आहेत असे प्रतिपादन करणारा फ्रेंच ग्रंथ लिहिला. तुर्की राष्ट्रवादाच्या सुरुवातीच्या लेखकांत एक पोलिश गृहस्थ असावा, याची तुर्की वाचकांनाही गंमत वाटते.

प्रश्न : आडनावावरून तुर्की माणसाचे मूळ ओळखता येते का? (सावदा)

उत्तर : नाही. आपल्या सावद्यात ‘पाटील’ एवढ्या आडनावावरून समोरचा लेवा, मराठा की गुजर हे जसे सांगता येत नाही, तसेच ते आहे. तुर्कस्तानात १९३४ सालच्या कायद्यापूर्वी बहुसंख्य मुसलमानांना आडनावच नव्हते. कायदा झाल्यावर ठराविक मुदतीत प्रत्येक कुटुंबाने एक आडनाव निवडून नोंदवले, आणि आर्मेनियन ‘यान’, स्लाव्ह ‘इच’ व ‘ऑफ’, ग्रीक ‘पुलोस’ यांसारखे प्रत्यय लावण्यास नियमानेच बंदी होती. त्यामुळे एखाद्याचे आडनाव ‘ओझतुर्क’, म्हणजे अस्सल तुर्क, असेल तर एवढेच सिद्ध होते की १९३४ च्या सुमारास त्याच्या आजोबांना किंवा नोंदणी कारकुनाला ते पसंत पडले होते.

प्रश्न : कुर्द लोकांना तुर्क म्हणावे की नाही? (शहादा)

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने म्हणावे लागते. १९८२ च्या राज्यघटनेच्या ६६ व्या कलमानुसार नागरिकत्वाच्या नात्याने तुर्की राज्याशी जोडलेली प्रत्येक व्यक्ती तुर्क आहे. वंशाने आणि भाषेने मात्र कुर्द वेगळे आहेत. त्यांची भाषा फारसीच्या कुळातली, म्हणजे दूरच्या नात्याने मराठीचीच बहीण आहे, तर तुर्की पूर्णपणे निराळ्या कुळातली. १९६५ च्या जनगणनेत ३ कोटी १४ लाख लोकसंख्येपैकी सुमारे २२ लाखांनी कुर्दी ही मातृभाषा सांगितली होती. त्यानंतरचे मातृभाषेचे आकडे सरकारने प्रसिद्धच केलेले नाहीत, आणि आजचे सर्व अंदाज, जे बहुधा १५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असतात, ते अंदाजच आहेत. १९८३ साली कुर्दी भाषेवर घातलेली कायदेशीर बंदी १९९१ मध्ये उठली, २००९ च्या पहिल्या दिवशी सरकारी कुर्दी दूरचित्रवाणी सुरू झाली. या मधल्या काळात सरकार आणि कुर्दी बंडखोर यांच्यातील संघर्षात गावे उजाडली, माणसे मारली गेली, आणि लाखो कुर्द पश्चिमेकडील शहरांत आले. आज इस्तंबूल हे सर्वाधिक कुर्द वस्तीचे शहर मानले जाते, आणि तुर्क-कुर्द विवाह ही तिथे नित्याची बाब आहे. अशा विवाहातील मुलांना आपल्या प्रश्नाचे उत्तर विचारले तर ते प्रश्नच दुरुस्त करून देतील.

प्रश्न : आम्ही घरात अहिराणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकलो. तुर्कस्तानात अशी ‘घरची भाषा’ असते का? (शिरपूर)

उत्तर : असते, आणि ती काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सर्वाधिक दाटीने आढळते. रिझे आणि आर्टविन या चहाच्या मळ्यांच्या जिल्ह्यांत लाझ लोक राहतात. त्यांची भाषा जॉर्जियनच्या कुळातली आहे. त्यांच्याच शेजारच्या डोंगरात हेमशिन आहेत. त्यांचे मूळ आर्मेनियन, धर्म इस्लाम, आणि त्यांतील होपा गावाकडचे लोक अजून आर्मेनियनची एक बोली बोलतात. त्राब्झोनच्या वरच्या बाजूला चायकाराच्या खोऱ्यात धार्मिक वृत्तीची मुस्लिम खेडी रोमेइका नावाची ग्रीक बोली बोलतात, जिच्यात प्राचीन ग्रीकमधील असे काही व्याकरण टिकले आहे, जे खुद्द ग्रीसमध्ये लोपले. धर्माने वाटणी झाली तेव्हा हे लोक मुसलमान म्हणून इथेच राहिले. अहिराणीची आजी आणि मराठीचा नातू यांच्यात जे अंतर पडते, तेच तिथेही पडले आहे. २०१२ पासून शाळांत कुर्दी, सर्केशियन आणि पुढे लाझ हे ऐच्छिक विषय झाले असले, तरी ते निवडणारी मुले थोडी आहेत.

प्रश्न : खानदेशचे फारुकी सुलतान किंवा दक्षिणेतले सरदार हे याच तुर्कांचे भाऊबंद होते का? (धुळे)

उत्तर : फारुकींच्या बाबतीत तरी त्यांचा स्वतःचा दावा निराळा होता. थाळनेर आणि बुऱ्हाणपूर येथून १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य केलेले हे घराणे आपली वंशावळ दुसरे खलिफा उमर फारूक यांच्यापर्यंत नेत असे, म्हणजे स्वतःला अरब म्हणवीत असे. मोठे कुळ मागे जोडून घेण्याची हौस सर्व देशांतल्या राजघराण्यांना असते, तेव्हा या दाव्याला वंशशास्त्रातला पुरावा समजू नये. दिल्लीचे ऐबक आणि इल्तुतमिश मध्य आशियाई तुर्क होते खरे, पण त्यांचा अनातोलियाशी संबंध नव्हता.

ज्यांचा होता, त्यांना आपल्याकडे ‘रूमी’ म्हणत. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली आणि आता विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ ओतणारा कारागीर मुहम्मद हा असाच रूमी होता. उस्मानी मुलखातून आला की माणूस रूमी ठरे. तो जन्माने तुर्क होता, ग्रीक होता की अल्बेनियन, ही चौकशी निजामशाहीच्या दरबाराने केली नसावी. तोफ उडते की नाही, एवढेच पाहिले गेले.

प्रश्न : तुर्कस्तानात लाखो लोकांनी सरकारी संकेतस्थळावर आपली वंशावळ शोधली, असे वाचले. आता थुंकीचा नमुना पाठवूनही वंशाचे टक्के कळतात. असे शोध घेणे योग्य आहे का? (चाळीसगाव)

उत्तर : आपण वाचलेली घटना फेब्रुवारी २०१८ ची आहे. तुर्की सरकारने नागरिकांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या कुटुंबनोंदी खुल्या केल्या, आणि पाहणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की यंत्रणा कोलमडून काही दिवस बंद ठेवावी लागली. ज्या राज्याने आपल्या नागरिकांना अनेक दशके तुम्ही सारे एकाच वंशाचे आहात असे शिकवले, त्याच राज्याच्या दप्तरातून पणजीचे जन्मस्थान आजच्या उत्तर मॅसिडोनियातील स्कोप्ये किंवा जॉर्जियातील बातुमी असे निघत होते. कुणाच्या नोंदीत एखादी पूर्वज स्त्री आईबापांच्या नावांऐवजी ‘अब्दुल्लाची मुलगी’ एवढीच नोंदलेली निघे. धर्मांतर केलेल्या व्यक्तीच्या पित्याचे नाव असे लिहिण्याचा जुना प्रघात होता, हे जाणणाऱ्यांना त्यावरून पुढचे उमजत असे.

हे उमजणे सर्वांना सुखाचे नव्हते, कारण १९१५ साली आर्मेनियन लोकांची जी हद्दपारी आणि कत्तल झाली, तीत वाचलेल्या कितीतरी मुली मुस्लिम घरांत वाढल्या, नावे बदलून नांदल्या आणि मरेपर्यंत गप्प राहिल्या. २००४ साली ‘आगोस’ या इस्तंबूलच्या आर्मेनियन साप्ताहिकाने अतातुर्क यांची मानसकन्या आणि देशाची नामवंत लढाऊ वैमानिक सबिहा गोकचेन ही आर्मेनियन अनाथ होती असा दावा करणारे वृत्त छापले. त्यावर लष्कराच्या मुख्यालयाने निषेधाचे पत्रक काढले. त्या साप्ताहिकाचे संपादक ह्रांत दिंक यांचा १९ जानेवारी २००७ रोजी कार्यालयाच्या दारात गोळ्या घालून खून झाला, आणि त्यांच्या अंत्ययात्रेत हजारो तुर्क ‘आम्ही सारे आर्मेनियन’ असे फलक घेऊन चालले. गोकचेन यांचे नाव आजही इस्तंबूलच्या दुसऱ्या विमानतळाला आहे. त्याच साप्ताहिकाने २०१३ मध्ये उघड केले की नागरिकांच्या नोंदीत ग्रीकांसाठी १, आर्मेनियनांसाठी २ आणि ज्यूंसाठी ३ असे गुप्त आकडे लिहिले जात होते. सरकारने त्याचे कारण अल्पसंख्याकांच्या शाळांतील प्रवेशाचे दिले.

वंश मोजण्याचा नाद तिथे नवा नाही. १९३७ साली ६४,००० लोकांच्या डोक्यांची आणि शरीरांची मोजमापे सरकारी यंत्रणेने घेतली होती, आणि हित्ती व सुमेरियन हेही तुर्कच होते असा सिद्धांत त्या काळी शाळांत शिकवला जाई. सरकारी बँकांना सुमेरबँक आणि एटीबँक, म्हणजे हित्तींची बँक, अशी नावे त्याच भरात दिली गेली. गंमत अशी की अनातोलियाच्या प्राचीन लोकांशी आजच्या तुर्कांचे रक्ताचे नाते आहे, ही त्यातली गोष्ट खरी निघाली. फक्त त्याचे कारण नेमके उलटे होते : ते प्राचीन लोक तुर्क नव्हते, त्यांचे वंशज पुढे तुर्क झाले.

आता थुंकीच्या चाचणीविषयी. माझे मत असे की करायची असल्यास करावी, पण त्या टक्क्यांवर घर बांधू नये. चाचणी करणाऱ्या कंपन्या आपल्या जनुकांची तुलना आजच्या लोकांच्या नमुन्यांशी करतात, आणि नमुन्यांचा साठा बदलला की टक्केही बदलतात. एखाद्या त्राब्झोनच्या माणसाला ‘कॉकेशस ६० टक्के’ असे उत्तर आले, तर त्याचे पूर्वज कॉकेशसमधून आले की ते त्याच डोंगराच्या अलीकडच्या उतारावर कायमचेच होते, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते कळते गावाच्या नावावरून, आजीच्या गाण्यावरून, आणि जहाजातून उतरल्याचे साल घरात कुणाला आठवत असेल तर त्यावरून.

प्रश्न : तुर्कस्तानात आफ्रिकी वंशाचे लोकही आहेत, हे खरे का? (चोपडा)

उत्तर : खरे आहे. उस्मानी काळातील गुलामांच्या व्यापारातून आलेल्या आफ्रिकनांचे वंशज इझमीर आणि आसपासच्या कापूस-तंबाखूच्या गावांत राहतात, इझमीरच्या हेलातच तुर्की बोलतात आणि स्वतःला आफ्रो-तुर्क म्हणवतात. वासराची मिरवणूक काढण्याचा त्यांचा ‘दाना बायरामी’ हा जुना वसंतोत्सव बंद पडला होता; मुस्ताफा ओल्पाक यांच्या प्रयत्नांनी तो या शतकात पुन्हा सुरू झाला. इस्तंबूलजवळ १८४२ मध्ये वसलेले पोलिश लोकांचे पोलोनेझकोय हे गावही बाहेरून येऊन तिथलेच झालेल्यांच्या यादीत बसते.

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त इस्तंबूलला निघाला आहे. तिथे कुणाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले तर चालते का, की अपमान वाटतो? (पाचोरा)

उत्तर : चालते, किंबहुना ओळख होताच तेच आपल्या भाच्यालाही विचारतील. इस्तंबूलमध्ये जन्मलेला, कधीही बाहेर न राहिलेला तरुणसुद्धा या प्रश्नाला आजोबांचा जिल्हा सांगतो : सिवास, कास्तामोनू, रिझे, मालात्या. जुन्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला मूळ जिल्हा, तालुका आणि गाव छापलेले असे, आणि एका गावच्या लोकांच्या मंडळांच्या पाट्या इस्तंबूलच्या गल्लोगल्ली दिसतात. मोटारीच्या पाटीवरचा जिल्ह्याचा आकडासुद्धा अभिमानाने मिरवला जातो. आपल्याकडे जळगावकर एमएच १९ म्हणतो, तसा त्राब्झोनचा माणूस ६१ म्हणतो, आणि त्राब्झोनच्या फुटबॉल सामन्यात ६१ व्या मिनिटाला सारे प्रेक्षागृह उठून गाते.

भाच्याला एवढेच सांगावे की जिल्हा विचारून थांबावे. समोरच्याने दियारबाकिर सांगितले म्हणून ‘म्हणजे कुर्द का?’ आणि रिझे सांगितले म्हणून ‘म्हणजे लाझ का?’ असे पाठोपाठ विचारू नये. काहीजण हसून हो म्हणतात, काहींना ते आवडत नाही, आणि कोण कुठल्या प्रकारचा आहे हे पहिल्या भेटीत ओळखता येत नाही. चहाचा दुसरा पेला आला की बहुतेक लोक आपणहून आजीपर्यंत पोहोचतात.